चॅम्पियन्स लीगची बाद फेरी : १८० मिनिटांचा एक सामना

११ मार्च २०२५, लिव्हरपूलचं घरचं मैदान अॅनफिल्ड. लिव्हरपूल आणि पॅरिस सेंट-जर्मेन (पीएसजी) यांच्यातली ९० मिनिटं संपली तेव्हा फलकावर पीएसजी १, लिव्हरपूल ० असा आकडा होता. तरी पीएसजीचे खेळाडू जल्लोष करत नव्हते आणि लिव्हरपूलचे खेळाडू मैदान सोडून जात नव्हते. पाणी पिऊन, पाय चोळून दोन्ही संघ पुन्हा खेळायला उभे राहिले. टीव्ही त्याच क्षणी लावणाऱ्याला हे कोडंच वाटलं असणार. कोड्याचं उत्तर सहा दिवस आधी पॅरिसमध्ये होतं. तिथे पीएसजीने फटक्यांचा मारा केला, लिव्हरपूलचा गोलरक्षक आलिसनने ९ फटके अडवले आणि ८७व्या मिनिटाला हार्वी एलियटने गोल करून लिव्हरपूलला १-० असं जिंकून दिलं. म्हणजे दोन सामन्यांची बेरीज १-१. हिशेब अजून बाकी होता.

चॅम्पियन्स लीग म्हणजे युरोपातल्या अव्वल फुटबॉल क्लबांची स्पर्धा. तिच्या बाद फेरीत अंतिम सामना सोडून प्रत्येक लढत अशी दोन सामन्यांची असते, एक याच्या मैदानावर आणि एक त्याच्या. दोन्हीकडचे गोल एकत्र मोजतात. म्हणून हे दोन सामने वेगळे धरूच नयेत. मध्ये साधारण आठवड्याचं मध्यंतर असलेला तो १८० मिनिटांचा एक सामना आहे. हे एकदा मनात पक्कं झालं की बाकीचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

परतीची लढत बघताना त्या रात्रीचा स्कोअर बाजूला ठेवून आधी बेरीज पाहावी. गोव्यातल्या फुटबॉलप्रेमींना हे वेगळं सांगायला नको. एप्रिल २०२५मध्ये इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य लढतीत एफसी गोवा बेंगळुरूत ०-२ असा हरला होता. घरच्या फातोर्डा मैदानावर ८८व्या मिनिटाला त्यांनी दुसरा गोल केला, बेरीज २-२ झाली आणि जादा वेळ दिसू लागला. तेवढ्यात भरपाई वेळेत सुनील छेत्रीचा हेडर जाळ्यात गेला. गोव्याने तो सामना २-१ असा जिंकला आणि लढत २-३ अशी गमावली. युरोपातही हिशेब अगदी असाच चालतो.

बाद फेरीत येतो कोण

२०२४-२५पासून चॅम्पियन्स लीगचं रूप बदललं. आधी ३२ संघांचे आठ गट असायचे. आता ३६ संघांची एकच साखळी आणि एकच गुणतालिका आहे. प्रत्येक संघ आठ वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळतो, चार सामने घरी आणि चार बाहेर. पहिले ८ संघ थेट उपउपांत्यपूर्व फेरीत, म्हणजे शेवटच्या सोळांत जातात. ९ ते २४ क्रमांकाचे संघ फेब्रुवारीत प्ले-ऑफ खेळतात आणि त्यातून उरलेल्या आठ जागा भरतात. २५ ते ३६ क्रमांकाच्या संघांचा युरोपातला हंगाम तिथेच संपतो. पूर्वी गटात तिसरा आलेला संघ युरोपा लीग या दुय्यम स्पर्धेत जायचा, तो रस्ता आता बंद आहे.

समान गुण असतील तर आधी गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघतात, मग एकूण केलेले गोल, मग परक्या मैदानावर केलेले गोल. हा तपशील नीरस वाटेल, पण त्यानेच डिनॅमो झाग्रेबचा घात केला. २०२४-२५मध्ये मँचेस्टर सिटी, स्पोर्टिंग, क्लब ब्रुग आणि झाग्रेब या चौघांचे ११ गुण होते. गोलफरकात झाग्रेब सर्वांत मागे पडला, २५वा आला आणि बाहेर गेला. साखळीत एखादा संघ ०-३ने मागे असताना चौथा गोल टाळायला जिवाचं रान करतो, ते यासाठी.

कोण कोणाशी भिडणार

इथे बहुतेकांचा गोंधळ उडतो. सोडत निघते खरी, पण तिला फार थोडं ठरवायचं असतं. गुणतालिकेतले लगतचे दोन-दोन क्रमांक एकत्र बांधलेले असतात. प्ले-ऑफमध्ये ९ आणि १० यांच्यासमोर २३ आणि २४ येतात, ११-१२समोर २१-२२, १३-१४समोर १९-२० आणि १५-१६समोर १७-१८. सोडत फक्त एवढंच सांगते की, उदाहरणार्थ, १५व्याच्या वाट्याला १७वा येणार की १८वा.

पुढची वाटही आधीच आखलेली असते. १५ ते १८ या चौघांतून वर आलेल्यांची गाठ पहिल्या दोन क्रमांकांशी पडते. १३-१४ आणि १९-२०च्या गटातून आलेल्यांची ३ आणि ४शी, ११-१२ आणि २१-२२मधून आलेल्यांची ५ आणि ६शी, तर ९-१० आणि २३-२४मधून आलेल्यांची ७ आणि ८शी. प्ले-ऑफ संपल्यावर एकच सोडत होते आणि तिच्यात थेट अंतिम सामन्यापर्यंतचा तक्ता ठरून जातो. त्यानंतर पुन्हा चिठ्ठ्या नाहीत. एकाच देशाचे संघ समोरासमोर येऊ नयेत म्हणून या फेऱ्यांत कोणतीही आडकाठी नसते. २०२५मध्ये शेवटच्या सोळांत माद्रिदचे दोन संघ भिडले, ते त्यामुळेच.

या रचनेचा चटका कसा बसतो ते त्याच हंगामात दिसलं. रेआल माद्रिद १५ गुणांसह ११वा आला. आठव्या अॅस्टन व्हिलाचे गुण १६ होते. एका गुणाच्या फरकाने रेआलच्या पदरी फेब्रुवारीत दोन जादा सामने पडले, आणि समोर कोण, तर २२व्या क्रमांकावर घसरलेला मँचेस्टर सिटी. रेआलने ३-२ आणि ३-१ असे दोन्ही सामने जिंकले. सिटीसारखा संघ फेब्रुवारीतच घरी गेला. साखळीतल्या एका फुकट घालवलेल्या बरोबरीची किंमत अशी बाद फेरीत मोजावी लागते.

मात्र वरचा क्रमांक म्हणजे विजयाची हमी, असं समजू नये. लिव्हरपूल २१ गुणांसह पहिला आला होता. १५व्या पीएसजीने प्ले-ऑफमध्ये ब्रेस्टला ३-० आणि ७-० असं धुतलं, आणि वरच्या नियमाप्रमाणे त्यांची गाठ १ किंवा २शीच पडणार होती. शेवटी करंडक त्याच १५व्या संघाने उचलला.

परतीचा सामना घरी का हवा

प्ले-ऑफ आणि शेवटच्या सोळांच्या फेरीत वरच्या क्रमांकाच्या संघाला दुसरा सामना घरी मिळतो. प्रेक्षकांचा पाठिंबा दोन्ही सामन्यांत एकेकदा मिळतोच, मग दुसरा घरी असण्यात एवढं काय? दोन गोष्टी आहेत. एक, नेमके किती गोल हवेत हे ठाऊक असताना घरच्या मैदानावर खेळता येतं. दुसरी जास्त वजनाची: बरोबरी झाली तर जादा वेळेची ३० मिनिटं आणि पेनल्टीही तिथेच होतात. म्हणजे १८० मिनिटांच्या सामन्याला जोडलेला प्रत्येक तुकडा घरच्या मैदानावर.

२०२४-२५मध्ये उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीत हा फायदा सोडतीवर सोडला होता. परिणाम विचित्र झाला. तिसरा आलेल्या आर्सेनलला उपांत्य फेरीत १५व्या पीएसजीविरुद्ध पहिला सामना घरी खेळावा लागला. दुसऱ्या क्रमांकाच्या बार्सिलोनालाही चौथ्या इंटर मिलानविरुद्ध तसंच, आणि मिलानमधला परतीचा सामना जादा वेळेत गेला. साखळीत वर येऊन मिळवलं काय, हा प्रश्न रास्त होता. २०२५-२६पासून नियम सुधारला. पहिल्या चार क्रमांकांच्या संघांना उपांत्यपूर्व फेरीतही परतीचा सामना घरी मिळतो, पहिल्या दोघांना उपांत्य फेरीतही. अशा संघाला कोणी हरवलं तर त्याचा हा हक्क हरवणाऱ्याकडे जातो. हा बदल अगदी योग्य होता. यामुळे साखळीच्या शेवटच्या दिवशी दुसरा की तिसरा, यालाही अर्थ आला.

अवे गोल : गेलेला नियम, उरलेली सवय

अजूनही पुष्कळ जण बेरीज बरोबरीत दिसली की ‘बाहेर गोल कोणाचे जास्त?’ असं विचारतात. हा नियम आता नाही. युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने तो १९६५मध्ये कप विनर्स कप या स्पर्धेत आणला आणि जून २०२१मध्ये सगळ्या क्लब स्पर्धांतून काढला. बेरीज सारखी असेल तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, असा तो नियम होता.

त्याची ताकद समजून घ्यायला ८ मार्च २०१७ची रात्र पुरेशी आहे. बार्सिलोना पॅरिसमध्ये ०-४ असा हरला होता. घरी त्यांनी ३-० केलं, म्हणजे बरोबरीला एकच गोल कमी. मग ६२व्या मिनिटाला पीएसजीच्या कवानीने गोल केला. बेरीज ३-५. आजच्या नियमाने बार्सिलोनाला जादा वेळेसाठी दोन गोल लागले असते. तेव्हा ५-५ झालं असतं तरी कवानीचा तो एक गोल परक्या मैदानावरचा म्हणून पीएसजी पुढे गेला असता, म्हणून तीन हवे होते. बार्सिलोनाने ८८व्या मिनिटापासून शेवटच्या क्षणापर्यंत तिन्ही केले आणि ६-१ असं जिंकलं. नियमाची दुसरी बाजू २००३च्या उपांत्य फेरीत दिसली. एसी मिलान आणि इंटर यांचं घरचं मैदान एकच, सान सिरो. ०-० आणि १-१ असे दोन्ही सामने तिथेच झाले, आणि दुसऱ्या सामन्यात कागदोपत्री ‘पाहुणा’ असल्यामुळे एसी मिलान अंतिम फेरीत गेला.

नियम हेतूने चांगला होता: पाहुण्यांनी बचाव करत न बसता आक्रमण करावं. कालांतराने झालं उलटं. पहिल्या सामन्यात यजमानच घाबरून खेळू लागले, कारण घरी खाल्लेला एक गोल दुप्पट महाग पडायचा. जादा वेळेत तर अन्याय उघड होता, पाहुण्या संघाला असा गोल करायला ३० मिनिटं जास्त मिळायची. शिवाय घरच्या मैदानाचा जोरही ओसरला होता. युएफाच्या आकडेवारीनुसार १९७०च्या दशकाच्या मध्यापासून यजमानांच्या विजयांचं प्रमाण ६१ टक्क्यांवरून ४७वर आलं आणि पाहुण्यांचं १९वरून ३०वर गेलं. आता हा निकष फक्त साखळीच्या गुणतालिकेत, तोही तिसऱ्या पायरीवर उरला आहे.

डाव कुठे फसतो

पहिला सामना जिंकण्यापेक्षा तो हाताबाहेर जाऊ न देणं अनेक प्रशिक्षकांना महत्त्वाचं वाटतं. एका गोलाने मागे असलेला संघ परतीच्या सामन्यात एका फटक्याने बरोबरी साधतो. तीन गोलांनी मागे असेल तर त्याला बचाव उघडा टाकावा लागतो. पीएसव्हीने २०२५मध्ये आर्सेनलकडून घरीच १-७ असा मार खाल्ला, मग लंडनमधला २-२ हा सामना उपचारापुरताच राहिला.

एका गोलाची पिछाडी भरून निघाल्यावर सुटणारा संयम हा दुसरा सापळा. फेब्रुवारी २०२५मध्ये एसी मिलान रॉटरडॅममध्ये फेयनूर्डकडून ०-१ हरला होता. घरी त्यांनी पहिल्याच मिनिटाला गोल करून बेरीज १-१ केली आणि सामन्यावर पकड घेतली. ५१व्या मिनिटाला थिओ हर्नांडेझला पडण्याचं नाटक केल्याबद्दल दुसरं पिवळं कार्ड मिळालं. दहा जणांच्या मिलानवर ७३व्या मिनिटाला गोल झाला आणि लढत हातची गेली. दोन सामन्यांच्या लढतीत लाल कार्ड भारी पडतं ते असं: त्या दिवशी एक माणूस कमी, आणि पहिल्या सामन्यात मिळालं तर परतीच्या सामन्यातही तो खेळाडू नाही.

पिवळ्या कार्डांचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो. स्पर्धेत तीन पिवळी झाली की एका सामन्याची बंदी, त्यानंतर पाचव्या, सातव्या अशा प्रत्येक विषम कार्डाला पुन्हा एक. उपांत्यपूर्व फेरी संपली की जुनी पिवळी कार्डं पुसली जातात. उपांत्य फेरीचे सामने दोनच असल्याने तिथे नव्याने तीन साठत नाहीत, म्हणून केवळ पिवळ्या कार्डांच्या बेरजेमुळे कोणी अंतिम सामन्याला मुकत नाही. ही सवलत पूर्वी नव्हती. २००३मध्ये युव्हेंटसच्या पावेल नेदवेदने रेआलविरुद्ध उपांत्य सामन्यात गोल केला, त्याच सामन्यात पिवळं कार्ड घेतलं आणि अंतिम सामना बाहेर बसून पाहिला.

काही खेळाडू सोप्या लढतीत मुद्दाम पिवळं घेऊन बंदी ‘वापरून टाकतात’, म्हणजे पुढच्या फेरीत पाटी कोरी. हे शिस्तभंगात मोडतं. २०१९मध्ये रेआलचा कर्णधार सर्जिओ रामोसने आयाक्सविरुद्ध २-१ अशी आघाडी असताना असं केल्याचं ठरलं आणि त्याची बंदी दोन सामन्यांची झाली. लढत सोपी नव्हतीच. त्याच्याशिवाय खेळलेला रेआल माद्रिदमध्ये १-४ असा हरून बाहेर पडला.

जानेवारीतली खरेदी

बाद फेरीआधी प्रत्येक क्लबला आपल्या २५ जणांच्या मुख्य यादीत जास्तीत जास्त तीन नवे खेळाडू घेता येतात. यादी २५च्या वर जाता कामा नये, त्यामुळे जागा नसेल तर कोणाला तरी वगळावं लागतं. पूर्वी त्याच हंगामात एका क्लबकडून चॅम्पियन्स लीग खेळलेला माणूस दुसऱ्याकडून खेळू शकत नसे. ती अट २०१८-१९पासून गेली. सांतियागो हिमेनेझ २०२४च्या शरद ऋतूत फेयनूर्डकडून ही स्पर्धा खेळला, फेब्रुवारीत एसी मिलानमध्ये आला, आणि मिलानचा तो पहिल्या मिनिटाचा गोल त्यानेच आपल्या जुन्या क्लबवर केला. पीएसजीने जानेवारीत घेतलेला ख्विचा क्वारात्सखेलिया प्ले-ऑफपासून खेळू लागला आणि अंतिम सामन्यात इंटरवरच्या ५-० विजयातला एक गोल त्याचा होता.

जादा वेळ आणि पेनल्टी

परतीच्या सामन्याच्या ९० मिनिटांनंतर बेरीज सारखी असेल तर १५-१५ मिनिटांची दोन सत्रं. पहिला गोल होताच सामना संपत नाही, ३० मिनिटं पूर्ण खेळतात. इंटरच्या फ्रातेसीने बार्सिलोनाविरुद्ध ९९व्या मिनिटाला ७-६ करणारा गोल केला, त्यानंतरही इंटरला २१ मिनिटं आणि वर भरपाई वेळ तग धरावा लागला. नेहमीचे पाच बदली खेळाडू, शिवाय जादा वेळेत सहावा उतरवता येतो. सूज्ञ प्रशिक्षक हा सहावा बदल पेनल्टी मारणाऱ्यासाठी शेवटपर्यंत राखून ठेवतो, कारण पेनल्टींच्या फेरीत, म्हणजे शूटआउटमध्ये, किक घेण्याचा हक्क फक्त जादा वेळ संपताना मैदानात असलेल्यांनाच असतो.

पंच दोनदा नाणं उडवतात. पहिल्यांदा कोणत्या गोलपोस्टवर किक मारायच्या ते ठरतं, दुसऱ्यांदा जिंकणारा आधी की नंतर ते निवडतो. प्रत्येकी पाच किक, पण निकाल स्पष्ट झाला की तिथेच थांबतात. अॅनफिल्डवर सात किकमध्ये संपलं: पीएसजीने चारही मारल्या, लिव्हरपूलची पहिली जाळ्यात गेली, पुढच्या दोन पीएसजीचा गोलरक्षक दोन्नारुम्माने अडवल्या. ४-१ झाल्यावर लिव्हरपूलच्या उरलेल्या दोन्ही किक जाळ्यात गेल्या असत्या तरी तीनच झाले असते. एखाद्या संघाला लाल कार्ड मिळून त्याचे दहाच उरले असतील, तर दुसऱ्यालाही एक जण बाजूला ठेवावा लागतो. सामन्यात मिळालेलं पिवळं कार्ड शूटआउटमध्ये मोजत नाहीत. २०२४मध्ये कॉन्फरन्स लीग या युरोपातल्या तिसऱ्या पातळीच्या स्पर्धेत लीलविरुद्ध अॅस्टन व्हिलाचा गोलरक्षक एमिलियानो मार्तिनेझला सामन्यात एक आणि शूटआउटमध्ये दुसरं पिवळं मिळालं, तरी तो मैदानातच राहिला. नियम असाच आहे.

मार्च २०२५च्या माद्रिदच्या लढतीने तर नियमपुस्तकच बदलायला लावलं. अॅटलेटिकोच्या हुलियान अल्वारेझचा पाय किक मारताना घसरला, चेंडू जाळ्यात गेला, पण आधी त्याच्या दुसऱ्या पायालाही तो निसटता लागला होता. दोन स्पर्श म्हणून गोल रद्द झाला आणि रेआल ४-२ असं जिंकला. जूनमध्ये नियम ठरवणाऱ्या आयएफएबीने खुलासा केला: असा दुहेरी स्पर्श चुकून झाला आणि गोल झाला तर किक पुन्हा घ्यायची, गोल झाला नाही तर ती वाया गेली असं धरायचं. अॅटलेटिकोला त्याचा उपयोग नव्हता. तरी यापेक्षाही कठोर दिवस या स्पर्धेने पाहिले आहेत. १९६५मध्ये लिव्हरपूल आणि कोलोन दोनदा ०-० खेळले, रॉटरडॅममधला तिसरा सामना २-२ झाला आणि उपांत्य फेरीतली जागा नाणेफेकीवर ठरली. पेनल्टी शूटआउट त्यानंतर, १९७०-७१मध्ये आलं.

भारतातून बघताना

कार्यक्रमपत्रिकेवर मंगळवार असेल तर उशिराचा सामना आपल्याकडे बुधवारी पहाटेकडे झुकतो. प्ले-ऑफ आणि शेवटच्या सोळांची फेरी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते तेव्हा सामने भारतीय वेळेनुसार रात्री ११.१५ आणि १.३० वाजता सुरू होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून एप्रिल-मेमधल्या उपांत्यपूर्व आणि उपांत्य लढती १२.३०ला असतात. गजर लावणाऱ्यांची दरवर्षी इथेच चूक होते. परतीच्या सामन्याला जादा वेळ आणि पेनल्टी धरून पाऊण ते एक तास जास्तीचा ठेवावा: दीडला सुरू झालेला सामना साडेतीनच्या आत संपतो किंवा सव्वाचारपर्यंत जातो.

अंतिम सामना एकच, त्रयस्थ मैदानावर. तिथे बेरीज नाही, परतीची संधी नाही. २०२६चा अंतिम सामना बुडापेस्टच्या पुश्काश अरेनात ३० मे रोजी ठेवला आणि त्याची वेळही अलीकडे ओढली, स्थानिक संध्याकाळी ६, म्हणजे आपल्याकडे रात्री ९.३०. त्यासाठी गजराची गरज नाही.